युरोपची टूर, अमेरिकेचं तिकीट

एक सोपा प्रश्न विचारते. युरोपातल्या पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फचा २०२५चा सीझन कुठून सुरू झाला असेल? लंडन? पॅरिस? माद्रिद?

तिन्ही चूक. तो सुरू झाला ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमधून, नोव्हेंबर २०२४ मध्ये. एल्विस स्मायली नावाच्या २२ वर्षांच्या ऑस्ट्रेलियन पोरानं पहिलीच स्पर्धा मारली. आणि संपला कुठे? १६ नोव्हेंबर २०२५ च्या रविवारी, दुबईत. मधल्या वर्षभरात ही मंडळी दक्षिण आफ्रिका, मॉरिशस, बहारीन, कतार, केनिया, सिंगापूर, चीन, कोरिया असं सगळं फिरून आली. भारतात तर दोनदा येऊन गेली. चाळीसच्या वर स्पर्धा, पंचवीसच्या आसपास देश. खुद्द युरोपात ही टूर खेळते ती मुख्यतः मे ते ऑक्टोबर. एरवी तिकडे थंडी आणि पाऊस, शिवाय पैसा दुसरीकडे.

नावसुद्धा आता ‘युरोपियन टूर’ राहिलेलं नाही. २०२२च्या सीझनपासून ती ‘डीपी वर्ल्ड टूर’ आहे. डीपी वर्ल्ड म्हणजे दुबईची बंदरं चालवणारी कंपनी. नाव कुठेतरी ऐकलंय असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय. उरणजवळच्या आपल्या न्हावा-शेवा बंदरातही या कंपनीची कंटेनर टर्मिनल्स आहेत. वर्षभराच्या गुणतक्त्याचं नावही ‘रेस टू दुबई’.

तुम्ही म्हणाल, गोल्फ आणि आपण? आपल्या गावात क्रिकेटला धड मैदान नाही, तिथे अठरा होलचा कोर्स कुठून आणायचा! मान्य. पण २०२५च्या या सीझनमध्ये एक गोष्ट अशी आहे की ती गोल्फची काठी आयुष्यात हातात न धरलेल्या माणसालाही कळेल. आपल्याकडे बारावीचे निकाल लागले की क्लासवाले चौकात फ्लेक्स लावतात, बघा. टॉपरचे फोटो, खाली टक्के, आणि ‘अभिनंदन’. फोटोतला प्रत्येक जण आता तो क्लास आणि बहुधा ते गावही सोडून जाणार असतो. पण क्लासची जाहिरात तीच. युरोपची टूर दर नोव्हेंबरला नेमका हाच फ्लेक्स लावते.

आधी नंबर एकचं बघू. रोरी मॅकिलरॉय. उत्तर आयर्लंडचा, तेव्हा वय ३६. दुबईत शेवटच्या दिवशी शेवटच्या होलवर त्यानं ईगल मारला, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा दोन कमी, आणि इंग्लंडच्या मॅट फिट्झपॅट्रिकला गाठलं. मग प्ले-ऑफमध्ये पहिलाच फटका पाण्यात घालवला आणि स्पर्धा हरला. फिट्झपॅट्रिकला ३० लाख डॉलर मिळाले, आपल्या हिशेबानं सव्वीस कोटींच्या वर. पण वर्षभराचा तक्ता मॅकिलरॉयनंच जिंकला, सातव्यांदा. स्पेनच्या सेव्ह बायेस्टेरोसचे सहा होते, ते मागे पडले. आता पुढे फक्त स्कॉटलंडचा कॉलिन माँटगोमेरी, आठ वेळचा विजेता.

आता जरा खोलात जा. सेव्हनं ते सहा मिळवले १९७६ ते १९९१ या काळात, जेव्हा ही टूर खरोखर युरोपची होती. १९७२ मध्ये ती आजच्या रूपात सुरू झाली आणि १९८२ मध्ये ट्युनिशियाला गेली तेव्हा युरोपबाहेरची ती पहिली स्पर्धा होती. मॅकिलरॉय राहतो आणि बहुतेक वर्ष खेळतो तो अमेरिकेत. एप्रिल २०२५ मध्ये त्यानं ऑगस्टाला मास्टर्स जिंकली, चारही मेजर स्पर्धा जिंकणाऱ्या मोजक्या लोकांत जाऊन बसला. आणि या चार मेजरचे गुण युरोपच्या तक्त्यातही धरले जातात. म्हणजे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात मिळवलेले गुण घेऊन तो युरोपचा नंबर एक होतो.

फसवणूक आहे का ही? अजिबात नाही, नियमच तसा आहे. आणि गडी जेव्हा येतो तेव्हा मन लावून खेळतो. सप्टेंबरमध्ये आयरिश ओपनला त्यानं शेवटच्या होलवर असाच ईगल मारून प्ले-ऑफ ओढला होता आणि तो जिंकलाही होता. घरच्या लोकांनी काय जल्लोष केला त्या दिवशी! पण तो या टूरचा पाहुणा आहे, घरातला माणूस नाही. पाहुणा आला की तिकिटं खपतात, टीव्ही येतो, स्पॉन्सर खूश होतो. तो परत गेला की घरात उरतात ती बाकीची पोरं. मला विचाराल तर सीझनची खरी गोष्ट त्यांची आहे.

त्यातला एक मार्को पेंज. इंग्लंडचा, तेव्हा वय २७. ऑक्टोबर २०२४ मध्ये याचं टूर कार्डच जायची वेळ आली होती. कार्ड म्हणजे खेळायचा परवाना समजा. वर्षअखेर तक्त्यात साधारण पहिल्या एकशे दहा-पंधरांत असाल तर पुढच्या वर्षी प्रवेश नक्की, नाहीतर खालच्या टूरवर जा किंवा ‘क्वालिफाइंग स्कूल’ची परीक्षा द्या. ही परीक्षा साधीसुधी नाही. स्पेनमध्ये शेवटची फेरी होते, सहा दिवस, १०८ होल, आणि पास होतात वीस-एकवीस जण. एमपीएससीवाल्यांना वेगळं सांगायला नको. पेंजनं कोरियातल्या स्पर्धेत शेवटच्या होलवर एक पट आत घातला आणि कार्ड वाचलं. पट म्हणजे हिरवळीवरून चेंडू अलगद खळग्यात ढकलणं. लहान पोरंही मारतात असा फटका. फक्त त्यांच्या डोक्यावर पुढच्या वर्षाची भाकरी लटकत नसते.

सुटला म्हणेपर्यंत दुसरं लचांड. आधी गोल्फ स्पर्धांवर पैजा लावल्याचं निघालं आणि टूरनं त्याला तीन महिन्यांची बंदी घातली, त्यातला एक महिना स्थगित. म्हणजे सीझनच्या सुरुवातीच्या काळात पठ्ठ्या घरी. परत आला आणि एप्रिलमध्ये चीनमधली हैनान क्लासिक जिंकली. ऑगस्टमध्ये डेन्मार्क. ऑक्टोबरमध्ये माद्रिदला स्पॅनिश ओपन, आणि तिच्यासोबत पुढच्या मास्टर्सचं आमंत्रण. वर्षअखेर तक्त्यात दुसरा, मॅकिलरॉयच्या खालोखाल. बारा महिन्यांपूर्वी ज्याच्याकडे परवाना उरेल की नाही याची खात्री नव्हती, तो!

मग बक्षीस काय? पेंज अमेरिकेत निघाला.

२०२३ पासूनचा नियम असा की तक्त्यातल्या, अमेरिकेच्या पीजीए टूरचं कार्ड आधीपासून नसलेल्या पहिल्या दहा जणांना तिकडचं कार्ड मिळतं. दर वर्षी दहा. पेंजबरोबर २०२५ मध्ये नॉर्वेचा क्रिस्टोफर राइटन होता, फ्रान्सचा आद्रियाँ सादियर होता, जपानचा केइता नाकाजिमाही होता. दुबईच्या शेवटच्या रविवारी किताब कोण जिंकतो याइतकीच उत्सुकता असते ती ‘दहावा कोण’ याची. टूर त्याचा सोहळा करते, फोटो काढते. आपल्या सर्वांत चांगल्या दहा पोरांना निरोप देण्याचा सोहळा! आयपीएलच्या एखाद्या संघानं दर वर्षी आपले पहिले दहा खेळाडू समोरच्या संघाला हार घालून पाठवावेत, तसं.

हे वेडेपण वाटतं. पण त्याआधी काय घडलं ते बघा, मग मत ठरवा.

जून २०२२ मध्ये लिव्ह गोल्फ सुरू झालं. मागे सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक निधी होता, म्हणजे पैशाला तळ नव्हता. ५४ होलच्या स्पर्धा, रोमन आकड्यांत ५४ म्हणजे एलआयव्ही, म्हणून ते नाव. (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की २०२६ पासून ७२ होल खेळणार. आता नावाचं काय करणार, देव जाणे.) तिथे ‘कट’ नाही. इतर टूरवर दोन दिवसांनंतर जवळपास निम्मे खेळाडू बाहेर पडतात आणि बक्षिसाच्या यादीत त्यांचं नाव नसतं. लिव्हमध्ये शेवटून पहिला आलात तरी चेक मिळतो. २०२५ मध्ये एका स्पर्धेत अडीच कोटी डॉलर वाटत होते, वैयक्तिक विजेत्याला ४० लाख. शिवाय मोठ्या नावांना सही करण्याचे वेगळे.

युरोपच्या टूरकडे असा पैसा ना कधी होता, ना आहे. मार्च २०२५ मध्ये गुरुग्रामला झालेल्या इंडियन ओपनचं एकूण बक्षीस साडेबावीस लाख डॉलर. एकूण बरं का, सगळ्यांचं मिळून. लिव्हच्या एका विजेत्याच्या चेकपेक्षाही कमी. एका बाजूला लिव्ह, दुसऱ्या बाजूला अमेरिकेची गब्बर टूर, मध्ये ही. टूरनं जून २०२२ मध्ये अमेरिकेशी २०३५ पर्यंतचा करार केला. त्यातूनच पुढे ही दहा कार्डं आली. उघड बोलायचं तर पोरं जाणारच आहेत हे मान्य करून, ती कुणाकडे जावीत एवढंच ठरवण्याची मुभा टूरनं स्वतःकडे ठेवली.

तरी सगळे ऐकतातच असं नाही. पहिल्याच वर्षी, २०२३ च्या दहांत पोलंडचा आद्रियान मेरोंक होता. त्यानं अमेरिकेचं कार्ड मिळवलं आणि थोड्याच दिवसांत लिव्हमध्ये गेला.

त्याच यादीत स्कॉटलंडचा रॉबर्ट मॅकिंटायरही होता. ओबान नावाच्या लहानशा बंदरगावचा. वडील तिथल्या गोल्फ कोर्सची हिरवळ राखण्याचं काम करणारे. पोरगा अमेरिकेत गेला आणि एकटा पडला. गावाची आठवण येते हे त्यानं लपवलं नाही, उघड सांगितलं. जून २०२४ मध्ये कॅनडातल्या स्पर्धेत बॅग उचलायला कॅडी नव्हता, म्हणून वडिलांना बोलावून घेतलं. ती स्पर्धा हा जिंकला, आणि टीव्हीवर बापाला बोलताच येईना. पुढच्या महिन्यात घरची स्कॉटिश ओपन जिंकली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सेंट अँड्र्यूजला डनहिल लिंक्सही. अमेरिकेत खेळतो, पण युरोपच्या टूरवर येत राहतो. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेलं आणि दर गणपतीला कोकणात परतणारं पोर बघितलं असेल तर मॅकिंटायर कळेल.

आता या उलट वाटेनं आलेला एक. स्पेनचा युजेनिओ चाकारा. २०२२ मध्ये, वय जेमतेम २२, अमेरिकेतलं कॉलेज अर्धवट ठेवून लिव्हमध्ये गेला. त्याच वर्षी बँकॉकला जिंकला, ४० लाख डॉलर खिशात. तुमच्या-माझ्या हिशेबानं आयुष्य सेटल. पण २०२४ संपताना त्याचा करार पुढे वाढला नाही. हातात युरोपच्या टूरचं कार्ड नाही. लिव्हमध्ये जागतिक क्रमवारीचे गुण मिळत नव्हते, त्यामुळे तिथेही नाव पार तळाला. मार्चमध्ये तो गुरुग्रामला आला तो आमंत्रणावर. डीएलएफचा तो गॅरी प्लेयरनं आखलेला कोर्स म्हणजे भल्याभल्यांना रडवणारा. चाकारा तिथे दोन फटक्यांनी जिंकला. पैसे मिळाले पावणेचार लाख डॉलरच्या थोडे वर, बँकॉकच्या दशांश. पण सोबत दोन वर्षांचं कार्ड मिळालं. त्याचा चेहरा बघितला असता तर कोणता चेक मोठा होता ते वेगळं सांगावं लागलं नसतं.

हे लिहिताना मला जाणवतंय की मी टूरच्या बाजूनं झुकतेय. मग दुसरी बाजूही ऐका. लिव्हमध्ये गेलेल्यांना दोष देणं सोपं आहे. पण या खेळात विमानाचं तिकीट, हॉटेल, कॅडीचा पगार सगळं खेळाडूच्या खिशातून जातं. वर्षाला पंचवीस आठवडे घराबाहेर. चार आठवडे कट चुकला की पोट ढवळायला लागतं. कुणी पाच वर्षांची निश्चिती समोर ठेवली तर आपण काय केलं असतं? आपल्या पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी २०२२ मध्ये लिव्हमध्ये गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्या प्लेयर्स स्पर्धेत तो एका फटक्यानं दुसरा आला होता, म्हणजे खेळ संपला म्हणून गेला असं नाही. त्याआधी २०१५ मध्ये युरोपियन टूरवर मलेशियन ओपन आणि इंडियन ओपन जिंकून बसलेला माणूस. त्याला स्वार्थी म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

मग टूरच्या हातात उरतं काय? एक हुकमी पत्ता आहे, रायडर कप. युरोप विरुद्ध अमेरिका, दोन वर्षांतून एकदा. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बेथपेजला झाला आणि युरोपनं १५-१३ असा जिंकला, २०१२ नंतर पहिल्यांदाच अमेरिकेत जाऊन. तिथल्या प्रेक्षकांनी मॅकिलरॉयला काय काय शिव्या दिल्या ते इथे छापण्यासारखं नाही. अमेरिकेच्या प्रत्येक खेळाडूला तेव्हा पाच लाख डॉलर दिले गेले, त्यातले तीन लाख दानासाठी, दोन लाख स्वतःचे. युरोपच्या बारा जणांना? शून्य. त्यांनी मागितलेही नाहीत.

आणि गंमत इथेच आहे. या संघात यायचं तर युरोपच्या टूरचं सभासदत्व लागतं. ते टिकवायला मेजर सोडून किमान चार स्पर्धा खेळाव्या लागतात. परवानगीशिवाय लिव्हमध्ये खेळलात तर टूर दंड करते आणि बंदी घालते. २०२३ मध्ये लवादानंही टूरच्याच बाजूनं निकाल दिला. तेव्हा ली वेस्टवूड, इयन पोल्टर, सर्जिओ गार्सिया यांनी सभासदत्वच सोडलं. गार्सिया म्हणजे रायडर कपच्या इतिहासात सर्वाधिक गुण मिळवलेला माणूस! पण जॉन राम आणि टिरेल हॅटन या लिव्हच्या दोघांनी सोडलं नाही. त्यांनी दंडाविरुद्ध अपील केलं, आणि अपील लटकलेलं असेपर्यंत खेळायची मोकळीक मिळवली. तारीख पे तारीख फक्त आपल्याकडेच असते असं नाही. दोघेही बेथपेजला खेळले. हॅटननं तर जानेवारीत दुबई डेझर्ट क्लासिकही जिंकली होती. म्हणजे ज्याच्यावर दंड, तोच टूरच्या स्पर्धेचा विजेता. टूरला तो नको असं म्हणता येत नव्हतं आणि हवा असंही म्हणता येत नव्हतं.

माझं मत विचाराल तर हे अपील लटकत राहणं टूरच्या सोयीचंच होतं. निकाल टूरच्या बाजूनं लागला तर राम-हॅटनशिवाय रायडर कप, विरोधात लागला तर नियमाला अर्थ नाही. आता पुढचा कप २०२७ मध्ये आयर्लंडच्या अडेर मॅनरला, म्हणजे घरच्या मैदानावर. टूरच्या तिजोरीत मोठी भर पडते ती घरच्या रायडर कपमधूनच. त्याआधी हे प्रकरण मिटवणं भाग होतं, टाळून भागणार नव्हतं.

भारताचं या सगळ्यात काय? ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर ४० लाख डॉलरची नवी स्पर्धा झाली. मॅकिलरॉय पहिल्यांदाच भारतात खेळला. तिथल्या अरुंद, झाडीनं वेढलेल्या वाटा बघून त्यानं सर्वांत लांब मारणारा ड्रायव्हर वापरायचाच नाही असं ठरवलं. जिंकला टॉमी फ्लीटवूड. त्याच्या मुलानं त्याला म्हटलं होतं, बाबा, तू जिंकलास की मला हिरवळीवर धावत येता आलंय असं एकदाही झालेलं नाही. त्या रविवारी दिल्लीत फ्रँकी धावत आला.

भारतीय मात्र वरच्या फळीत नव्हते. जीव मिल्खा सिंग १९९८ मध्ये या टूरचा सभासद झालेला पहिला भारतीय, चार स्पर्धा जिंकलेला. शुभंकर शर्मानं २१व्या वर्षी जोहान्सबर्ग आणि क्वालालंपूरला दोन मारल्या, २०२३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये संयुक्त आठवा आला. तिथे कुठल्याही भारतीयाची ती सर्वोत्तम कामगिरी. त्यानंतर ती रांग पुढे सरकलेली नाही. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिम्पिकपर्यंत गेला, म्हणजे वाट अगदीच बंद नाही. पण ४० लाख डॉलरचं बक्षीस दिल्लीत आणून ठेवलं म्हणून पोरं तयार होत नाहीत. त्यांना सराव करायला कोर्स लागतो, आणि आपल्याकडचे बहुतेक कोर्स क्लबांचे नाहीतर लष्कराचे. शुभंकरचे वडील लष्करात होते, हा योगायोग नाही.

त्यानंतरचा सीझन २७ नोव्हेंबर २०२५ ला सुरू झाला. पुन्हा ब्रिस्बेन. जुना संपून दोन आठवडेही झाले नव्हते. स्पेनच्या त्या सहा दिवसांच्या परीक्षेतून पास झालेले, खालच्या टूरवरून वर आलेले, कार्ड जेमतेम वाचवलेले, सगळे तिथे पहाटे उठून पहिला चेंडू टीवर ठेवत होते. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटलेली होती. त्यातला कोण पुढच्या नोव्हेंबरला त्या दहांच्या फोटोत असेल, हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं. मार्को पेंजलाही त्याच्या आदल्या वर्षी माहीत नव्हतं.